समजदार पोरगा

सोमवारी भाच्याला घेऊन बुलढाण्याला गेलो होतो... मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. सुलतानपूरहून निघताना शेजाऱ्यांना मात्र डोळे तपासायला चाललो असं सांगितलं. खोटं बोलायचाही आता कंटाळा आलाय, पण बोललो.

भाचा पंधरा वर्षांचा, दहावीत. दिवाळीपासून नीट जेवत नाही, झोपत नाही, शाळेत जाऊन नुसता बसतो. ताईला वाटलं मोबाइल, मला वाटलं वय... गेल्या आठवड्यात तो तिला म्हणाला, "आई, मी नसतो तं बरं झालं असतं." तेव्हा कुठे आम्ही जागचे हललो.

डॉक्टर मॅडम पार लहानपणापासूनचं विचारत होत्या आणि मी हौसेनं उत्तरं देत होतो. फार समजदार पोरगा आहे मॅडम... वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता, पण डोळ्यातून टिपूस काढलं नाही. खेळायला जात नाही, कशाचा हट्ट नाही, ताईची तब्येत बरी नसते तर तिचं सगळं तोच बघतो.

इतकी वर्षं पाहुण्यांमध्ये मी त्याचं हेच कौतुक सांगत आलो. मॅडम त्यातली एकेक गोष्ट लिहून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा काही कौतुकाचा नव्हता.

मग त्यांनी त्यालाच विचारलं, बाबा गेले तेव्हा रडला नाहीस का? तो खाली बघत म्हणाला, "मामानं नाही म्हटलं होतं."

मला आठवलं... आमच्याकडे तेरवीला मामा भाच्याच्या डोक्याला रुमाल बांधतो, आता घरचा कर्ता हा, म्हणून. तो रुमाल त्याच्या कानांवर घसरत होता. ओठ थरथरायला लागले तसं मी हळूच म्हणालो होतो, "रडू नको बे, तू रडला तं आईकडे कोण पाहीन?" आजूबाजूच्या चार माणसांनी माना डोलावल्या. आपण फार शहाण्यासारखं बोललो असं मलाही वाटलं होतं.

मॅडम म्हणाल्या, एका वाक्यानं असं होत नाही. बाप जाणं, आईचं आजारपण, सगळं आतल्या आत गिळणं, हे वर्षानुवर्षं साचत जातं... आणि नैराश्याचा हा आजार बरा होतो. माझी समजूत काढायला म्हणाल्या असतील. ऐकतानाच मी थकून गेलो.

परत जायला मेहकरच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. चुकलं रे माझं, एवढंच म्हणालो आणि मलाच रडू फुटलं... भर गर्दीत, पन्नाशीच्या माणसाला!

त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रडू नका मामा, मी आहो ना."

सहा वर्षं तो सगळ्यांना असाच धीर देत आलाय. त्याला कोणीच दिला नाही, हे कळायला मला बुलढाण्यापर्यंत जावं लागलं...