तंबाखू चवीस गोड लागते

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पाइपच्या तंबाखूचा वास आला की मी गोंधळतो. थोडी लाजही वाटते.

तेव्हा साताऱ्यात एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्यातून त्यांच्या पदकांची पेटी आणि परदेशी तंबाखूचा डबा चोरीला गेला. त्यांच्या भाच्याने फोनवर घरगड्याचं नाव घेतलं. गडी माण तालुक्यातला, पन्नाशीचा. त्याच्या स्वेटरला त्याच तंबाखूचा, व्हॅनिलासारखा वास येत होता. रविवारी त्याच्या मुलीची सुपारी फुटायची होती आणि शुक्रवारी मी त्याला अटक केली.

साहेबांची तंबाखू कशी आहे, मी विचारलं.

"लय गोड हाय सायेब. बासुंदीगत."

मी जबाबात लिहिलं, 'सदर तंबाखू चवीस गोड लागते.' चव ठाऊक, म्हणजे डबा यानेच उघडला. पण पेटीचं विचारलं की गडी "मला ठावं न्हाई" एवढंच म्हणायचा. मला काही उमगेना.

सोमवारी चौकशीला बंगल्यावर गेलो. म्हाताऱ्या साहेबांचा गड्यावर काडीचाही संशय नव्हता. खिशातल्या उरलेल्या तंबाखूने पाइप भरून त्यांनी माझ्या हातात दिला. पहिला झुरका घेतला तर तोंड कडूजहर. व्हॅनिला शोधूनही सापडेना. दारातला माझा हवालदार मात्र म्हणाला, "काय गोड वास सुटलाय सायेब!" माझं डोकंच चालेना.

साहेब हसले. ही तंबाखू अशीच, ओढणाऱ्याला कडू आणि शेजारच्याला गोड.

"हळू ओढा, नाहीतर जीभ चरचरते," शेजारी बसलेला भाचा म्हणाला. तंबाखूला कधी शिवलो नाही, असं त्यानेच मला सांगितलं होतं. तुम्हाला कसं ठाऊक, एवढंच मी विचारलं. त्याचा चेहरा उतरला. पेटी त्याच्या सांगलीच्या खोलीत मिळाली, डबा अर्धा संपलेला.

गड्याची सुटका झाली तेव्हा मी त्याची माफी मागितली. रविवार उलटून गेला होता आणि पाहुण्यांनी सोयरीक मोडली होती.

"मी वासाचं बोललो सायेब," तो म्हणाला. "तुमी चव लिवली."

त्यानंतर प्रत्येकाचा जबाब मी त्याच्याच शब्दांत घेतला. त्या गड्याच्या जबाबाखाली मात्र माझ्या अक्षरात नेहमीची ओळ आहे, 'जबाब वाचून दाखवला, सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' मी तो वाचून दाखवला नव्हता.