पंखा मागे असलेलं विमान
उन्हाने तापलेल्या कापसाचा वास आला की राळेगावजवळचं ते शेत आठवतं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कमरेच्या ओटीत कापूस भरत असताना डोक्यावरून एक ठेंगणं विमान गेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "याचा पंखा मांगं हाये." सोबत वेचणाऱ्या बाया हसल्या. "नाकापर्यंत पदर, अन् तुले पंखा दिसला?" नव्या सुनेने मान वर करायचीच नसते, म्हणून मी पुन्हा खाली वाकून कापूस वेचू लागले. तेवढ्यात विमान वळून परत येताना ऐकू आलं. सासूला लांबचं दिसत नसे. ती शेजारच्या ओळीतून आली, माझा पदर कपाळावरून मागे सारला आणि म्हणाली, "आता वर नीट पाय, अन् मले सांग." पंखा मागेच होता. तसलं विमान मला आजवर पुन्हा दिसलं नाही, आणि माझा पदरही पुन्हा नाकापर्यंत उतरला नाही.