तुतीला शिवलेला झगा

आमची मावशी लोकांच्या मुलींचे झगे शिवते. उरलेली जाळीची कातरणं ती फेकत नाही आणि हातची गोष्ट सहजासहजी सोडत नाही. आजोबांच्या घरात तळमजल्याच्या एका खोलीत ती राहते, वर तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा. त्याला अंगणातली तिची तुतीची तीन झुडपं काढून तिथे गाडी उभी करायची होती.

"दोन वर्षं पाखरंच खाताहेत. घरात काय येतं?" तो म्हणाला.

"या वेळी टोपलीभर येईल. नाही आली तर मी स्वतः झुडपं काढीन," मावशी बोलून बसली.

पाखरं अडवायला तयार जाळी आणणं परवडणार नव्हतं. तिने गुलाबी, पिवळी, पांढरी कातरणं जोडली, टेपने झुडपांची मापं घेतली, कमरेला चुण्या घातल्या आणि असे अंगाबरोबर बसणारे झगे शिवले की समोरच्या वहिनींनी विचारलं, "मुली कधी दाखवताय?"

बुलबुलांची तर चैनच झाली. फांद्यांना चिकटलेल्या कापडावर आरामात बसून ते भोकांतून चोची घालत. सहा दिवसांत निम्मी तुती फस्त. मामा वरून बघून हसायचा. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

"चूक माझीच," मावशी म्हणाली. "जन्मभर मापात शिवलं. याला ढगळच हवं होतं."

तिने सगळी शिवण उसवली, आपल्या दोन जुन्या ओढण्या त्यात जोडल्या, भोवती काठ्या रोवल्या आणि कापड फांद्यांपासून वीतभर लांब, ताणून बांधलं. पाखरू आत शिरून अडकू नये म्हणून खालच्या कडेवर विटा ठेवल्या. बुलबुल आले, चोची आपटून वैतागले आणि निघून गेले.

उरलेली तुती पिकली. आम्ही दोघींनी ती तोडली, बोटं जांभळी करून घेतली. टोपली पाऊणच भरली. मामा खाली येऊन डोकावला.

"भरली नाही. शब्द दिला होतास."

"दिला होता. चाळीस वर्षं लोकांना दिलेला शब्द पाळला, हा मोडते." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "या घरात अर्धा वाटा माझा आहे. तू वरचा मजला घेतलास, खालच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यास. मी एका खोलीत मशीन आणि खाट मांडली आणि कधी तोंड उघडलं नाही. आज उघडते. अंगण माझं."

मला इतका आनंद झाला की टोपली हातातून सुटायची राहिली.

"त्याला वाटीभर दे," मावशी मला म्हणाली. "पण आधी विचार, माझ्या अंगणातलं चालतं का म्हणून."