वॅटभाऊ आणि चिकूचं कलम

वॅटभाऊ कुणाच्याही घरी आले की आधी छताकडे बघत. दोन दिवे चालू दिसले की न विचारता एक बंद करत आणि मग "काय, कसं काय?" म्हणत. डहाणूतल्या आमच्या इमारतीत त्यांच्यामुळे अर्ध्या अंधारात चहा प्यालेली बरीच माणसं आहेत, त्यातला मी एक. नोकरी वीजकेंद्रात. जन्मभर वीज तयार केली, पण ती कुणी वापरली की यांच्या पोटात दुखे.

वहिनी घोलवडच्या. माहेरची वाडी भावांनी विकली आणि नव्या मालकाने चिकूची झाडं आडवी केली. त्याआधी वहिनींनी वडिलांच्या हातच्या झाडाचं एक कलम बांधून घेतलं होतं. तेवढंच उरलं. वाणगावला मुलाचं घर होत होतं, तिथल्या अंगणात ते लावायचं. तोवर सांभाळायचं कुठे? यांचा फ्लॅट तळमजल्यावर, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. गच्ची गळते म्हणून सोसायटीने वर कुंड्यांना बंदी घातलेली. भाऊ म्हणाले, झाडांसाठी एलईडी मिळतात, त्यावर जगवू, निवड माझ्यावर सोडा. वहिनींनी सोडली, तिथेच चुकलं.

दिवाळीनंतर सुरू झालेली ही निवड होळीपर्यंत चालली. भाऊ वीज मोजायचं यंत्र पिशवीत घालून दुकानात जात. खोक्यावर हजार वॅट छापलेला दिवा प्रत्यक्षात शंभरच घेतो, हे त्यांनी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर सिद्ध केलं. "वॅट बघू नका हो," ते मला बजावत, "दिवा किती खातो ते त्यावरून कळतं. झाडाला किती वाढतो, ते बघा." ल्युमेन हे उजेडाचं माप माणसाच्या डोळ्यांसाठी, झाडाचं गणित निराळं, हेही मी जिन्यात उभ्याने ऐकलं. झाडांसाठी मिळणाऱ्या जांभळ्या दिव्यांना ते ऑर्केस्ट्रा बार म्हणत. चीड याची यायची, की त्यांचं सगळं बरोबर असे. शेवटी तो गुजराती दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, तुमाला झाड जगवायचं हाय का लाइटची परीक्षा घ्यायची हाय?"

कलमाची पानं तोवर गळू लागली होती. वहिनी म्हणाल्या, "ते उपाशी आहे आणि हे अजून ताटं पारखतायत."

दिवा आला तो मात्र खरोखर उत्तम. पांढरा, थंड, खाणार थोडं आणि देणार भरपूर. वहिनींच्या शिवणाच्या टेपने उंची मोजून भाऊंनी तो टांगला. कलमाला कोंब फुटला तेव्हा सगळ्या इमारतीला बोलावणं आलं. सत्कार कोंबाचा की भाऊंचा, ते कळू नये असा थाट होता.

पण दिवा दिवसाचे बारा तास लागायचा. भाऊ खोलीतून बाहेर पडले की हात आपोआप बटणावर जाई. वहिनी लावत, हे बंद करत.

"खोलीत कुणी नाही, दिवा कशाला?"

"कुणी नाही कसं? ते आहे ना."

मग सुनेच्या बाळंतपणासाठी वहिनी दोन महिने वाणगावला गेल्या. तिथलं अंगण अजून विटा-वाळूखाली होतं, म्हणून कलम इथेच राहिलं. परतल्या तेव्हा कुंडीत काडी उभी होती. पाणी भाऊंनी रोज घातलं होतं, अगदी मापाने. वहिनींनी काडी नखाने खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं.

मी टोमणा तयार करूनच त्यांच्याकडे गेलो. भाऊ रिकाम्या कुंडीशी बसले होते. टोमणा तसाच राहिला आणि मला त्यांची नुसती कीव आली.

"त्या झाडाचं दुसरं कलम कुठे मिळेल हो?" त्यांनी विचारलं.

मला खरं बोलवेना. कोसबाडच्या कृषी केंद्रात कुणाला तरी विचारून बघू, म्हटलं. त्यांनी लगेच मान हलवली, उद्याच जाऊ म्हणाले.

आतून वहिनींचा आवाज आला. "कुणाला विचारू नका, भावजी. ते झाड पाडलं, तेव्हा हे माझ्या शेजारीच उभे होते."