एकाच नावाच्या दोन फाइली: नॉर्मंडीतल्या जंगलाच्या कडेने

१. नॉर्मंडीतला सायकलसाठी एक ग्रॅव्हल रूट, म्हणजे खडीच्या वाटांचा मार्ग, मी बनवला आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी त्याची फाइल या ब्लॉगवर ठेवली.
२. फ्रान्सला जाणाऱ्या फेरीबोटीवर मी त्यातला जंगलाचा भाग काढला आणि बदललेली फाइल त्याच नावाने सेव्ह केली.
३. माझ्या सायकल कॉम्प्युटरवर, म्हणजे हँडलवरच्या वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, नवी फाइल होती. बाबांच्या कॉम्प्युटरवर जुनी होती.
४. शनिवारी सकाळी एका फाट्यावर मी डावीकडे वळले. बाबा सरळ जंगलात गेले.
५. जंगलात बंदुकांनी शिकार चालू होती.
६. बाबा कुठे आहेत हे मला सत्तेचाळीस मिनिटं माहीत नव्हतं.
७. बाबा घरी सुखरूप आहेत. जुनी फाइल अजून लोकांकडे आहे.

हे पोस्ट सातव्या मुद्द्यासाठी आहे. पण तो पटायला बाकीचं सांगावं लागेल.

बाबा कार्डिफच्या हॉस्पिटलमधून भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत त्यांनी ग्रॅव्हल बाइक घेतली. ग्रॅव्हल बाइक म्हणजे रेसिंग सायकलसारखं हँडल, पण जाड टायर. डांबर, खडी, शेतातली पायवाट, सगळीकडे चालते. ऑक्टोबरमध्ये तीन दिवस फ्रान्सला जाऊ, असं मीच सुचवलं. आईची अट एकच होती: "त्यांना नजरेआड होऊ देऊ नकोस. कानात मशीन घालत नाहीत ते सायकलवर." खरं होतं. वाऱ्याने श्रवणयंत्र शिट्ट्या मारतं म्हणून बाबा ते डबीत ठेवतात.

शुक्रवारी सकाळी बेसिंगस्टोकच्या माझ्या घरून ट्रेनने पोर्ट्समथ. फेरीत सायकल न्यायला गाड्यांच्या रांगेतच उभं राहायचं. खाली डेकवर दोरीने बांधून ठेवतात आणि प्रवासभर तो डेक बंद असतो. जे लागेल ते आधीच वर घेऊन जा. ब्रिटनमधून दुधातुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून आईचे लाडू घरीच राहिले. धपाटे आणि दाण्याची चटणी चालली. बाबांसाठी मी झळझळीत केशरी जाकीट घेतलं होतं. त्यांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"हे घालून मी काय शाळेसमोर मुलांना रस्ता क्रॉस करून देऊ? लॉलीपॉप मॅन वाटेन मी."

"बाबा, गाड्यांना दिसायला हवं ना."

"अगं, गाड्या नाहीत म्हणून तर चाललोय आपण." त्यांनी त्यांचं शेवाळी जॅकेट चढवलं. केशरी जाकीट मी माझ्या बॅगेत ठेवलं.

फेरीवर शेजारच्या टेबलाशी पोर्ट्समथची एक बाई होती, तीही सायकलवाली. माझ्या लॅपटॉपवरचा नकाशा बघून म्हणाली, "शनिवारी? जंगलातून? शिकारीचा मोसम सुरू झालाय. मी शनिवार-रविवार झाडांपासून लांबच राहते."

मी तेव्हाच जंगलाचा भाग काढला आणि रूट गावाच्या रस्त्याने वळवला. फेरीचं वाय-फाय रडतखडत चालत होतं. फाइल माझ्या कॉम्प्युटरवर घेतली आणि बाबांच्या कॉम्प्युटरकडे पाठवली. तो खाली बंद डेकवर, हँडलवरच होता. ब्लॉगवरची फाइल घरी गेल्यावर बदलू, असं ठरवलं. नोकरीत मी औषधाच्या पंपांचं सॉफ्टवेअर तपासते. बदल झाला की आवृत्तीचा आकडा बदलायचा, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते.

दुपारी उतरलो. बंदरापासून काँ शहरापर्यंत कालव्याकाठचा सपाट रस्ता आहे, तिथून पुढे ओर्न नदीच्या बाजूने जुन्या रेल्वेमार्गाची वाट. नवख्यांनी हा भाग जरूर करावा. पाणी दफनभूमीच्या नळावर भरायचं. जवळजवळ प्रत्येक गावात नळ असतो आणि तो चालू असतो. "पाणी भरायला दफनभूमी," बाबा म्हणाले. "माझ्या पेशाच्या माणसाला इथे फार वेळ थांबणं बरं नाही." ब्रेड सकाळीच घ्या. दुपारी साडेबारानंतर गावातलं सगळं बंद.

संध्याकाळी आम्ही एका शेतघराच्या खोलीत उतरलो. मी बाबांचा कॉम्प्युटर उघडला. यादीत रूटचं नाव दिसलं. बरोबर नाव होतं. मी माझ्या तयारीच्या यादीत टिक केली.

ती फाइल मी पाठवलेली नव्हती. बाबांनी निघण्याआधीच घरी माझ्या ब्लॉगवरून ती उतरवून घेतली होती. मी पाठवलेली पोहोचलीच नव्हती.

शनिवारी धुकं होतं. पहिले अठरा किलोमीटर मी फ्रान्समध्ये चालवलेले सगळ्यात सुंदर किलोमीटर आहेत, हे मला आजही नाकारता येत नाही: सफरचंदाच्या बागा, पांढरी खडी, एकही गाडी नाही. एका चढावर बाबा गाईंचा फोटो काढायला थांबले. "तू हो पुढे," ते म्हणाले. फाट्यावर थांबायचं असा आमचा नियम होता. मी थांबले नाही. कॉम्प्युटर त्यांना सांगेल, असा विचार केला आणि डावीकडे उतारावर गेले. दोन किलोमीटरवर गावातल्या चर्चपाशी थांबले.

पाच मिनिटं. दहा. फोन केला तर बंद. बॅटरी वाचवायला ते फ्लाइट मोडवर ठेवतात. मग डोंगराच्या बाजूने एक शिंग वाजलं, लांब आणि एकसुरी. त्यानंतर दोन बार झाले.

मी परत चढावर गेले. फाट्यावर कडेला पिवळी पाटी होती: शिकार चालू आहे. येताना ती मी पाहिली नव्हती, कारण मी स्क्रीनकडे बघत होते. सरळ जाणाऱ्या वाटेच्या चिखलात एकच टायरचा ठसा होता, चाळीस मिलिमीटरचा. माझे टायर पंचेचाळीसचे आहेत, बाबांचे चाळीसचे.

झाडांच्या कडेला केशरी जाकिटातला एक म्हातारा घडीच्या स्टुलावर बसला होता, बंदूक मांडीवर. तो उठला आणि त्याने हात आडवा केला. "नॉन, मादमोआझेल." शाळेत शिकलेलं फ्रेंच मला तेवढ्यात जेवढं आठवलं तेवढं मी सांगितलं: माझे वडील, सायकल, त्यांना ऐकू येत नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. त्याचा चेहरा बदलला. जॅकेट कुठल्या रंगाचं, असं त्याने विचारलं. शेवाळी रंगाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी झाडांकडे बोट दाखवलं.

तो रेडिओवर भराभर बोलला. बोलता बोलता आतून आणखी एक बार झाला. मग त्याने शिंग तीनदा वाजवलं आणि सगळं शांत झालं. त्या शांततेचा अर्थ मला लावता येत नव्हता. शिकार थांबवली म्हणून शांत, की दुसऱ्या कशामुळे? म्हाताऱ्यालाही माहीत नव्हतं. तो रेडिओ कानाला लावून माझ्याकडे बघणं टाळत होता. माझ्या छातीवर ठोके मोजणारा पट्टा होता. त्या दिवसाचा आलेख अजून माझ्याकडे आहे: वेग शून्य, ठोके एकशे अडुसष्ट, सलग एकोणीस मिनिटं.

बाबा सायकल हातात धरून चालत आले. त्यांच्याबरोबर बंदूक खांद्याला अडकवलेली एक बाई होती आणि तिचं केशरी जाकीट बाबांच्या अंगावर होतं.

"या बाईंनी अडवलं मला," ते म्हणाले. "रानडुक्कर बघितलंस का? एवढं. माझ्या पुढच्या चाकासमोरून गेलं. मी म्हटलं, बाँजूर."

बाई हसली नाही. तिने मला हळू इंग्रजीत सांगितलं, "मी आधी फक्त हालचाल पाहिली. रंग नाही पाहिला." मग ती मान हलवून परत गेली. जाकीट तिने मागितलं नाही.

गावातल्या कॅफेत बाबांनी कॉफी मागवली. मी त्यांचा कॉम्प्युटर उघडून रूटचं एकूण अंतर पाहिलं: ५६.२. माझ्यावर ५९.८.

"बाबा, फाट्यावर पिवळी पाटी होती. तुम्हाला दिसली नाही का?"

"दिसली की."

"मग आत का गेलात?"

त्यांनी श्रवणयंत्राची डबी उघडली आणि एक एक करून दोन्ही कानांत बसवलं. "रूट आत जात होता. रूट तू केलेला. म्हणजे तू आत असणार." मग म्हणाले, "म्हणून जोरात मारत गेलो. म्हटलं, तुला गाठावं आधी."

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो त्याच नदीच्या वाटेने परत गेलो, मी मागे आणि बाबा पुढे. फोटो चांगले आले आहेत. खाली टाकले आहेत. हा भाग सुंदर आहे आणि मी कोणाला जाऊ नका म्हणणार नाही. शरद ऋतूत आणि थंडीत जायचं असेल तर निघण्याआधी मुक्कामाच्या गावात शिकारीचे दिवस विचारा, झाडांत शिरू नका, केशरी घाला, आणि प्रत्येक फाट्यावर मागच्या माणसासाठी थांबा.

आईने हे पोस्ट आधी वाचलं. शेवटपर्यंत वाचून ती म्हणाली, "ते शेवाळी जॅकेट मी काल चॅरिटी शॉपला देऊन आले." माझ्याशी त्या दिवशी ती एवढंच बोलली. त्या बाईचं जाकीट बाबांच्या सायकलवर लटकतंय. रोज घालतात, दुकानात दूध आणायलासुद्धा.

आता सातवा मुद्दा. ब्लॉगवरून जुनी फाइल मी काढली आहे, पण त्याआधी ती अकरा वेळा उतरवली गेली. कोणी, ते मला दिसत नाही. दोन्ही फाइलींचं नाव एकच आहे, त्यामुळे नावावरून कळणार नाही. तुमच्याकडची फाइल उघडा आणि एकूण अंतर बघा. ५६.२ किलोमीटर असेल तर ती जंगलातून जाते. ती कॉम्प्युटरवरून आणि फोनवरूनही काढून टाका. नवीच्या नावात आता आकडा आहे.

अकरातले एक बाबा. त्यांची मी स्वतः काढली. चौघांनी काढल्याचं कळवलं आहे. सहा जण उरले. येत्या शनिवारी तिथे पुन्हा शिकार आहे, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत खाली कमेंटमध्ये "काढली" एवढं लिहा. नाव नको, कारण नको. तेवढा एक शब्द पुरे.