सावकाशरावांचे पाय

डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. शहरातला सगळ्यात जास्त वळणांचा मार्ग त्यांच्याकडे होता, आणि त्या वळणांवर बसमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या आजीबाईंचा हातही कधी दांडीवरून सुटला नाही, अशी त्यांची ख्याती. नवे ड्रायव्हर चेष्टा करायचे, की त्यांच्या बसमध्ये बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं, निदान लवकर पोचू. त्यावर त्यांचा कंडक्टर म्हणायचा, हातपाय शाबूत ठेवून पोचायचं असेल तर आमच्याच गाडीत या. सावकाशराव नुसते हसायचे. बोलणं त्यांना फारसं जमत नसे. घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं.

ती एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. उशिरा आलेली माणसं तिनं आयुष्यभर बघितली होती. दुखणं अंगावर काढून काढून, अगदीच गळ्याशी आल्यावर येणारी. म्हणून तिनं दोघांचा आरोग्य विमा उतरवला तेव्हा नुसत्या ॲडमिट होण्याचा घेतला नाही. थोडा जास्त हप्ता भरून त्यात तपासण्या, डॉक्टरांची फी, वर्षातून एकदा दोघांची फुकट चाचणी, असं सगळं घालून घेतलं. सावकाशरावांना तो उधळेपणा वाटला होता. "अहो, खाटेवर झोपल्यावर सगळेच पैसे देतात," ती म्हणाली होती, "खाटेवर झोपायची वेळ येऊ नये म्हणून कोण देतो ते बघा." वर्षाच्या चाचणीला तीच त्यांना ओढून न्यायची.

आणि एका दुपारी खिडकीवर बसल्या बसल्या तीच गेली. सावकाशराव तेव्हा भरलेली बस चालवत होते. गाडी हातात असलेल्या माणसाला असलं काही सांगू नये, म्हणून डेपोनं फेरी संपेपर्यंत त्यांना कळवलं नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा आपल्या हातून काही चूक झाली असणार असंच त्यांना आधी वाटलं.

मूलबाळ नव्हतं. नातेवाईक आले, चार दिवस राहिले, गेले. त्यानंतर घरात एक ताट, एक वाटी, एक पेला. स्वयंपाक त्यांना अगदीच येत नव्हता असं नाही, पण एकट्यासाठी कुठे चूल पेटवायची, असं रोजच व्हायला लागलं. सकाळी चहा-बिस्किटं. दुपारी डेपोच्या कँटीनमध्ये चहा-पाव. संध्याकाळी पुन्हा चहा, आणि भूक असलीच तर उरलेला पाव. तेही ओट्याशी उभं राहूनच, कारण टेबलापाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. पोटात जळजळ व्हायची. ती जुनीच होती. तिच्यावर औषधांच्या दुकानातली ॲसिडिटीची गोळी ते कित्येक वर्षं पाण्यासारखी गिळत आले होते. आता एकीच्या दोन झाल्या.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. जन्मभर पेडल दाबले, येणारच, असं त्यांनी ठरवून टाकलं. जीभ लाल झाली, चहा प्यायला की चुरचुरायची. त्यावर त्यांनी चहा निववून प्यायला सुरुवात केली. थकवा तर विचारू नका. पण थकवा कुणाला सांगायचा? तोंड धुताना साबण लागला की डोळे मिटायचे, आणि डोळे मिटले की तोल जायचा. मग एक हात नळावर ठेवून तोंड धुवायची सवय झाली.

एका संध्याकाळी जिना चढून ते दारापाशी आले, चपला काढायला खाली बघितलं, तर डाव्या पायात चप्पल नव्हतीच. ती खाली जिन्याच्या तोंडाशी पडली होती. तळपायाला गार फरशी लागत होती की नाही, हेच त्यांना कळलं नव्हतं. चप्पल आणायला ते पुन्हा उतरले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. एक चप्पल पायात, दुसरी हातात, चालणं अडखळतं. वहिनींनी मुलीला आत घेतलं आणि दार लावलं.

त्या दिवसापासून इमारतीत कुजबुज सुरू झाली. बिचारा एकटा पडला, लागली असेल सवय. कुणी वाईट बुद्धीनं बोलत नव्हतं, पण जिन्यात कुणी थांबतही नव्हतं. सावकाशरावांच्या कानावर ते आलं. आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही, हे सांगायला ते दार तरी कुणाचं वाजवणार? बायको असती तर तिनं पहिल्या मजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत सगळ्यांचे कान उपटले असते.

अशीच कुजबुज पुढे डेपोतही सुरू झाली, कारण तिथे तर जे घडलं ते सगळ्यांच्या देखत. सकाळी रिकामी बस फाटकाबाहेर काढताना त्यांना ब्रेक लावायचा होता. पाय ब्रेकवर आहे की नाही, ते पायाला कळेना. त्यांनी खाली वाकून बघितलं, आणि तेवढ्यात बसचा कोपरा फाटकाच्या खांबाला घासला. लागलं कुणालाच नाही, पण सावकाशरावांची गाडी खांबाला लागली, ही बातमी डेपोला भूकंपासारखी होती. साहेबांनी नियमाप्रमाणे त्यांना दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावलं. काहीच निघालं नाही. साहेबांनी यंत्र हलवून पुन्हा फुंकायला लावलं. तरी काही नाही.

"मग काय होतंय तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"पाय माझे राहिले नाहीत, साहेब," सावकाशराव म्हणाले. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. "हे काय आहे ते समजेपर्यंत मी माणसं नाही नेणार."

कंडक्टर त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला. इतकी वर्षं एका गाडीत काढली, पण एकमेकांच्या घरी ते कधी गेले नव्हते. घरी येऊ का, असं कंडक्टरनं विचारलं. सावकाशराव नको म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत आपण नको का म्हणालो याचाच विचार करत राहिले.

विमा कंपनीचा मेसेज दर वर्षी यायचा, तसा तो त्या आठवड्यातही आला: आपणा उभयतांची वार्षिक तपासणी बाकी आहे. बायको गेल्याचं त्यांनी कंपनीला कळवलंच नव्हतं. हप्ता बँकेतून परस्पर जायचा, आणि जगात निदान एक जागा अशी होती जिथे ती अजून होती. ती गेल्यापासून मेसेज वाचून ते फोन पालथा घालत. या वेळी त्यांनी वेळ घेतली.

तपासणी केंद्रात काउंटरवरच्या मुलीनं दोन पट्ट्या छापल्या, एक त्यांच्या मनगटाला बांधली आणि विचारलं, "मॅडम मागून येतायत का?"

"नाही," ते म्हणाले. "आज जमणार नाही त्यांना."

दुसरी पट्टी मुलीनं बाजूला ठेवली. सावकाशराव रक्त देऊन आले, तरी ती तिथेच होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी जीभ बघितली. डोळे मिटून सरळ उभं राहायला सांगितलं आणि सावकाशराव डुलताच खांद्याला धरलं. मग पायाचा अंगठा हातात घेऊन वर-खाली केला आणि विचारलं, आता कुठे आहे, वर की खाली? सावकाशरावांना सांगता येईना. स्वतःचा अंगठा. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि कागदावर काहीतरी लिहीत विचारलं, जेवता काय? सावकाशरावांनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

रक्तातल्या तांबड्या पेशी नको तितक्या मोठ्या दिसत होत्या. पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, नसांचीही, आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, असं बाई म्हणाल्या. सावकाशराव बघू म्हणाले. ते बघू म्हणजे नकोच, हे ओळखून बाईंनी त्यांना शेजारच्या विम्याच्या टेबलाशी पाठवलं. तिथल्या माणसानं पॉलिसी उघडून बघितली आणि सांगितलं, की डॉक्टरांनी लिहून दिलं असल्यामुळे हे सगळं त्यात बसतं, बसत नाहीत ती फक्त ताकदीची टॉनिकं. ज्यांनी ही पॉलिसी निवडली त्यांनी डोळे उघडे ठेवून निवडली आहे, असंही तो म्हणाला. सावकाशरावांनी तपासण्या केल्या.

बी-बारा जवळजवळ संपलंच होतं. लोहही कमी, डी जीवनसत्त्वही कमी. हे शेवटचं काही त्यांना पटेना. सारा जन्म उन्हात गाडी हाकली की. बाई म्हणाल्या, काचेमागे बसून हाकली, हाडांना लागतं ते ऊन काचेतून येत नाही. बी-बारा अंडी, मासे, दूध यांतून मिळतं. ते पोटात गेलं नाही, आणि जे थोडंफार गेलं ते गोळ्यांनी ॲसिड मारल्यामुळे अंगी लागलं नाही. गोळ्या हळूहळू सोडवू. इंजेक्शनं घ्या, पाय बरेचसे परत येतील.

"सगळे नाही?"

"उशीर झालाय थोडा," बाई म्हणाल्या. "पण फार नाही."

इंजेक्शनांचं बिल मंजूर करताना कंपनीनं विमाधारकांची माहिती पुन्हा तपासून मागितली, तेव्हा मात्र सुटका नव्हती. सावकाशरावांनी फोन लावला. पलीकडे एक बाई होती, आवाज थकलेला पण गोड. मदत काय करू, तिनं विचारलं.

"एक नाव कमी करायचंय," ते म्हणाले, आणि मग थांबले. "माझी बायको वारली. बराच काळ झाला. मी कळवलं नव्हतं."

त्या बाईनं वाईट वाटल्याचं सांगितलं. मग दाखला कुठे पाठवायचा ते सांगितलं, आणि पुढच्या वर्षीपासून हप्ता कमी होईल, असंही. तिच्या दृष्टीनं ही चांगली बातमी होती. सावकाशराव बरं म्हणाले. बायकोशिवाय सगळं स्वस्त होत होतं, हे काही त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. आणखी काही मदत हवी आहे का, तिनं विचारलं. त्यांना खरं तर फोन ठेवायचा नव्हता. इंजेक्शन डाव्या दंडात घ्यावं की उजव्या, असं काहीतरी त्यांनी विचारून बघितलं. ती म्हणाली, ते डॉक्टर सांगतील. मग तिनं आभार मानून फोन ठेवला.

इंजेक्शनांनी काम केलं. आधी जीभ शांत झाली. मग नळ न धरता तोंड धुता यायला लागलं. तळपायांत जाग आली, पण मोज्याच्या आत मोजा घातल्यासारखं काहीतरी राहूनच गेलं. नसांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं, तरी भरलेली बस न्यायला सावकाशरावांचं मन धजेना. साहेबांनी मग त्यांना डेपोच्या मागच्या मैदानात नव्या ड्रायव्हरांना शिकवायला ठेवलं. यंत्र हलवून पुन्हा फुंकायला लावल्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत. वहिनीही काही बोलल्या नाहीत, मात्र जिन्यात भेटल्या की आता हसतात. सावकाशरावही हसतात. एवढ्यावर भागतं.

कंडक्टरला दुसरा ड्रायव्हर मिळाला. जेवायच्या वेळेला त्याची बस शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. म्हणून सावकाशराव डबा घेऊन मैदानाच्या कडेच्या बाकावर एकटेच बसतात. बाह्या कोपरापर्यंत दुमडतात, ऊन घेतात. सकाळी उकडलेली अंडी सोलतात. वेळ आहे, त्यामुळे सालाचा बारीकसा तुकडाही राहू देत नाहीत. भूक अजून लागत नाही, पण जेवतात, बसून जेवतात. मग हात धुऊन पुन्हा बसकडे जातात, तिथे स्टिअरिंगमागे कुणीतरी नवं घाबरून बसलेलं असतं.