आखीव गाव आणि मावशीची गाय

साठच्या दशकात मी घरबांधणीच्या एका सरकारी कचेरीत नकाशे आखायचो. आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईत, माणसांची दाटी झाली होती. ती कमी करायला आमच्या कचेरीच्या साहेबाने बेटाच्या दक्षिणेत, प्लेन मान्येनजवळ, नवं गाव काढलं. सिमेंटची घरं, सरळ रस्ते, नळ. स्वतःच्या हातचा नकाशा पाहून मीच खूश व्हायचो. डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय!

पण पोर्ट लुईहून कोणी येईना. बंदरावरचं काम सोडून उसाच्या रानात कोण मरायला येतो? घरं रिकामी, आणि बडा साहेब पाहणीला येणार. मग ठरलं, आसपासच्या मळ्यांतल्या झोपड्यांतून माणसं आणून घरं भरायची. म्हणजे ज्यांना हलवायची गरजच नव्हती, त्यांना. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण तिथली मराठी माणसं माझ्या नात्यातली.

आमची मुलं मराठी गिरवायची त्या पत्र्याच्या खोलीत, आमच्या बैठकेत, रविवारी मी सरकारी कागद मराठीतून वाचून दाखवला. जनावर पाळायला मनाई, ही ओळ तेवढी मुद्दाम गाळली. दारात गाय नाही असं आमच्यात घर नव्हतं. ती ओळ ऐकून कोणी अंगठा दिला नसता. पहिला अंगठा माझ्या विधवा मावशीने दिला. तिचं घर गायीच्या दुधावर चाले.

ती सामान घेऊन आली तेव्हा पहारेकऱ्याने गाय वेशीवरच अडवली. जुनी झोपडी तोवर पाडली होती. तिने गाय उसाच्या बांधावर बांधली आणि माझी वाट पाहत राहिली. मी दोन दिवस तिकडे फिरकलोच नाही.

तिसऱ्या दिवशी बड्या साहेबाबरोबर जावंच लागलं. तो नेमका तिच्याच दाराशी थांबला आणि म्हणाला, बाईला विचार, कसं वाटतं.

"लाकाझ चांगलं हाय रं पोरा," मावशी घराकडे हात करून म्हणाली, "पन माजी गाय कुठं बांदू? इचार की सायबाला."

मी साहेबाला फ्रेंचमध्ये सांगितलं, ती मेर्सी म्हणतेय, आभार मानतेय. मेर्सी हा शब्द आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही कळतो. मावशीने माझ्याकडे पाहिलं. आता ही ओरडणार आणि माझी नोकरी जाणार, असं मला वाटलं. तिने हात जोडले आणि साहेबाला म्हणाली, "मेर्सी, मिसे."

तिने गाय त्याच आठवड्यात विकली. माझ्या आईला मावशीने यातलं अक्षरही सांगितलं नाही, आणि मी दर दिवाळीला मावशीच्या हातचा लाडू खाली मान घालून खात राहिलो.